किटलीचा माथा

वेंडेलला किटलीच्या माथ्यावर पुन्हा एकदा उभं करायचं, या एकाच कामासाठी नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी आम्ही तिघं उजाडता उजाडता लास वेगासबाहेर पडलो. मंगळवार हा आमचा रविवार. कसिनोत पत्ते वाटणाऱ्यांना खऱ्या रविवारी सुट्टी दिली, तर बाकीच्या जगानं खेळायचं कुणाशी?

किटली म्हणजे शहराच्या पश्चिमेला लाल कातळांची जी भिंत दिसते, तिच्या मागच्या रांगेतला सुळका. नकाशात त्याचं नाव 'रस्टी केटल'. आम्ही नुसतं किटली म्हणतो. फुगलेलं पोट, एका अंगाला तोटीसारखा बाहेर आलेला कातळ, आणि रंग खरोखरच गंज चढल्यासारखा. एका दिवसात जाऊन येता येतं. खिळे ठोकत चढायची गरज नाही. चारी हातापायांनी चढायचं आणि डोकं ठिकाणावर ठेवायचं. वेंडेल आणि मी तिथं इतक्यांदा गेलो होतो की मोजणं कधीच सोडून दिलं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी वेंडेल माथ्याखालच्या फरशीवरून घसरला. फरशी म्हणजे खिंडीतून माथ्याकडे जाणारा तिरका, गुळगुळीत कातळ. मांडीचं हाड मोडलं, फासळ्यांना तडे गेले, न्यायला हेलिकॉप्टर आलं. हाड जुळलं. साठी उलटलेल्या माणसाचं जुळावं त्याहून चांगलं जुळलं. पण त्यानंतर दोनदा आम्ही खिंडीपर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा फरशी समोर दिसताच त्याचे पाय जागचे हलेनात. दोन्ही वेळा आम्ही गुपचूप खाली आलो आणि हवापाण्याच्या गप्पा मारत घरी गेलो.

ओहायोत त्याची बहीण राहते, नॅडीन. नवरा वारल्यापासून ती त्याला 'ये, ये' म्हणून मागे लागली होती. तिच्या गॅरेजवर एक खोली रिकामी आहे. आमच्या स्टाफच्या खानावळीत सूप पिता पिता वेंडेलनं मला सांगितलं, "मर्ना, एकदा शेवटचं जाऊन बघू. माथ्याला पाय लागला तर मी इथं राहतो. नाही लागला तर नॅडीनकडे जातो. डोंगर नुसता खालूनच बघायचा असेल, तर या उन्हात भाजत बसण्यात काय अर्थ आहे?"

"ओहायोत डोंगर आहेत?"

"नाहीत. तेच बरं आहे."

मी वरवर हसले. सरळ सांगते, माझा नवरा सोडून गेला तेव्हा मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी दाराचं कुलूप बदललं. वेंडेल जाईल हा विचार मात्र मला सोसेना. रानात बरोबर चालायला माणूस लागतो, आणि तो असा लागतो की ज्याच्याशी तासभर न बोलता चालता येतं. असा माणूस पुन्हा कुठून आणायचा? तेव्हा त्याला काहीही करून वर न्यायचंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिसरी लूझ. पूर्ण नाव लुझविमिंडा, पण ते तिच्या बिल्ल्यावरही मावलं नाही. ती फिलिपिन्सची, माझ्या मुलीच्या वयाची, आणि आमच्या शिफ्टमध्ये सगळ्यांत सफाईनं पत्ते वाटणारी. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे ती वेंडेलला दादा म्हणते आणि मला ताई. डोंगर ती आयुष्यात पहिल्यांदाच चढणार होती. "तुम्ही दोघं दर आठवड्याला कुठंतरी खरचटून येता आणि तरी खूष दिसता. मला बघायचंय त्यात काय आहे ते," असं म्हणून ती आमच्याबरोबर निघाली. येताना भला मोठा डबा घेऊन आली. त्यात लसणीचा भात आणि तळलेल्या लुंपिया, म्हणजे बोटभर लांबीच्या कुरकुरीत सुरळ्या.

"सहलीला निघालीस की लग्नाला?" वेंडेलनं विचारलं.

"दादा, तुझ्या पिशवीत काय आहे?"

"पाणी, दोरी आणि पीनट बटरचं सँडविच."

"मग माझं लग्नच बरं."

वाटेच्या टोकाशी गाडी लावली तेव्हा सूर्य नुकताच वर येत होता. समोरचे कडे आधी गुलाबी झाले आणि बघता बघता लालभडक झाले. थंडी अशी की श्वासाची वाफ दिसावी. युक्काच्या झुडपांमध्ये दोन रानगाढवं उभी होती. लूझनं त्यांना त्यांची चौकशी केल्यासारखं काहीतरी विचारलं. त्यांनी तिच्या डब्याकडे बघितलं हे ध्यानात आल्यावर मात्र ती झपाझप चालायला लागली.

पहिला तासभर वाट सपाट होती. नंतर आम्ही नाळेत शिरलो. दोन्ही बाजूंना उंच भिंती, आणि मधे वरून कोसळलेल्या शिळांचा खच. मांजराच्या नखांसारखे वाकडे काटे असलेली झुडपं बाह्या धरून ओढत होती. एक शिळा चढावी, दुसरीवर उडी मारावी, तिसरीखालून सरपटावं. नाळेच्या मध्यावर घराएवढा धोंडा अडकलेला आहे, आणि त्याच्याखालच्या भोकातून पलीकडे निघावं लागतं.

"यातून माणसं जातात?" लूझनं वाकून आत बघितलं.

"बारीक माणसं पटकन जातात. वेंडेल वेळ घेतो," मी म्हटलं.

"मी वेळ घेत नाही. विचार करतो," आतून वेंडेलचा आवाज आला. तो तोवर अर्धा आत गेला होता.

आधी डबा पलीकडे गेला, मग लूझ. त्यापुढे पाण्याचं टाकं लागलं. मागच्या महिन्यातलं पावसाचं पाणी त्यात काळंभोर साठलेलं. एक पाय एका भिंतीला, दुसरा दुसरीला, आणि तंगड्या फाकवून पाण्यावरून पुढं सरकायचं, असा तिथला प्रकार आहे. वेंडेल गेला, मी गेले. लूझ मधोमध पोचली, खाली बघून हसायला लागली, आणि हसता हसता गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली.

"किती गार आहे!" ती ओरडली, आणि मग आणखी हसली. ती आमच्यातलीच आहे हे मला तेव्हा कळलं.

नाळ संपल्यावर खरा कातळ लागला. पिवळ्या-लाल थरांचा, जागोजागी खोबण्या पडलेला, बुटांना घट्ट धरून ठेवणारा. मला या दगडाचा स्पर्श फार आवडतो; उन्हात तापला की तो खरखरीत आणि ऊबदार लागतो. लूझनं हौसेनं एका कंगोऱ्याला धरून जोर लावला, तर ताटाएवढा तुकडा तिच्या हातातच आला. ती मागे झुकली. वेंडेलनं खालून तिच्या पाठीला हात लावला आणि ती सावरली.

"ही वाळूच आहे, लूझ. थोडी जुनी, एवढंच," तो शांतपणे म्हणाला. "धरायच्या आधी जागा वाजवून बघायची. कलिंगड बघतो तशी. पोकळ वाजली तर दुसरी जागा शोधायची."

मग सगळी चढण ती दगड वाजवत आली. वेंडेल तिच्या मागे, पाय कुठं ठेवायचा ते सांगत. त्याचा चेहरा उजळला होता. मोडलेल्या मांडीची त्याला आठवणही नव्हती. आज जमणार, असं मी स्वतःला बजावून सांगत होते.

दुपारच्या आधी आम्ही खिंडीत पोचलो. डबा उघडला, तिघंही हावरटासारखे जेवलो. एका बाजूला वाळवंटाचा सपाट पट्टा आणि त्याच्या पलीकडे धुरकट झालेलं शहर, दुसऱ्या बाजूला किटलीचं पोट. आणि त्या पोटावरून माथ्याकडे चढत गेलेली फरशी. तिच्या उजवीकडे कातळ थेट खाली तुटलेला. फरशीला हाताला धरायला काही नाही. सरळ ताठ उभं राहायचं, अंगाचं सगळं वजन पावलांवर टाकायचं आणि चालायचं. भिऊन जो कातळाला बिलगतो, त्याचे पाय निसटतात. हे मला वेंडेलनंच शिकवलेलं.

वेंडेलनं हात पुसले, उठला, आणि सरळ फरशीवर गेला. चार पावलं ठीक गेली. पाचव्याला तो थांबला. मग हळूहळू पुढं वाकला, आणि त्याचे तळवे कातळाला टेकले. बुटाखालून वाळूचे कण खळखळत खाली गेले. त्याचा डावा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला. तसाच, मागच्या मागे, पोटावर सरपटत तो खिंडीत परत आला.

"झालं," तो म्हणाला. "बघितलं मी."

"जरा बस. पाणी पी. मग परत..."

"नाही, मर्ना. मागच्या दोन वेळांसारखंच आहे." तो रागावला नव्हता, रडवेला नव्हता. ते जास्त वाईट होतं. "नॅडीनची खोली चांगली आहे. खिडकीतून मेपलचं झाड दिसतं म्हणे."

मला त्या मेपलच्या झाडाचा इतका संताप आला की काय सांगू. मी उठले. खिंडीतून एक अरुंद पट्टी सुळक्याच्या उत्तर अंगाला वळून जाताना दिसत होती.

"इकडून बघते. फरशी टाळून वर जाता येत असेल."

"तिथं काही नाही."

"तू गेलायस कधी?"

"नाही."

"मग गप्प बस."

पट्टी सुरुवातीला स्टुलाएवढी रुंद होती. मी कातळाकडे तोंड करून, वरच्या खोबण्यांमध्ये दोन्ही हात घालून, खेकड्यासारखी बाजूला सरकत निघाले. पुढे कातळाला बाक होता. त्याच्या पलीकडे पट्टी संपते की वर चढते, तेवढंच मला बघायचं होतं. दहा-पंधरा पावलं गेले. बाकाशी पोचले. मान लांब करून पलीकडे बघणार, एवढ्यात माझ्या खांद्यावर दोन बोटांची हलकी थाप पडली.

मी खोबण्यांमधले दोन्ही हात काढले. टाळी वाजवली. तळवे वर केले, खाली केले. आणि एक पाऊल मागे सरले.

मागे काही नव्हतं!

आभाळ गरकन फिरलं. पाठ आपटली. कातळ तिथं उभा नव्हता, उतरता होता, म्हणून मी आज हे सांगते आहे. मी घसरत गेले. पाठीवरची पिशवी खरखरली, कोपरं सोलली. काहीतरी धरायला बघितलं, पण धरायला काहीच नव्हतं. मग पायाखाली धाडकन दगड आला, घोट्यातून कळ निघाली आणि मी एका मँझनिटाच्या झुडपात बसले. झुडपाच्या पुढे हातभर दगड होता. त्याच्या पुढे हवा.

आता जे कसिनोत कामाला नाहीत, त्यांना हे सांगायला हवं. आमच्या टेबलावर बदलीचा माणूस आला की तो मागून येऊन खांद्यावर दोन बोटांची थाप देतो. आपण हातातला डाव संपवायचा, टाळी वाजवायची, छतातल्या कॅमेऱ्यांना दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवायचे, म्हणजे काही चोरलं नाही हे दिसतं, आणि टेबलापासून एक पाऊल मागे सरायचं. दिवसातून कितीतरी वेळा, पंचवीस वर्षं मी हे केलंय. त्यात डोकं लागत नाही. खांदा ऐकतो आणि हात करून मोकळे होतात. खाली येताना माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? चला, सुटले, आता कॉफी.

"ताई!" वरून लूझचा आवाज आला. तिचं डोकं पट्टीच्या कडेला दिसत होतं, माझ्यापासून दोन मजले वर. "ताई, तू आहेस का?"

"आहे. तू कशाला आलीस मागे? आणि हात कशाला लावलास?"

"तुझ्या पिशवीची चेन उघडी होती. हाक मारली असती तर तू दचकली असतीस, म्हणून हळूच..." ती हुंदके द्यायला लागली. "पाण्याची बाटली पडणार होती."

"पडली का?"

"नाही. तूच पडलीस."

मी हसले, आणि हसताना फासळ्या दुखल्या म्हणून पुन्हा हसले नाही. जिथं होते ती जागा स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी होती. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता. आले त्या उतारावरून परत चढणं धडधाकट माणसालाही जमलं नसतं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र कातळात एक भेग होती, माणूस अर्धा आत मावेल एवढी, आणि ती सरळ वर गेली होती. वर, फार वर, निळ्या आभाळावर एका पाईनच्या झाडाचा शेंडा दिसत होता. तो मी लगेच ओळखला. माथ्याच्या मागच्या अंगाला ते एकच झाड आहे. त्याच्या सावलीत बसून वेंडेलनं आणि मी कितीतरी सँडविचं खाल्ली होती.

घोटा गेला म्हणून मी ओरडले, तोवर वेंडेल पट्टीवर आला होता. मला तो दिसत नव्हता, आवाज येत होता.

"मोडलाय का मुरगळलाय?"

"मुरगळला असावा. बोटं हलतात."

"फोन?"

"लागत नाही. तुझा?"

"नाही. गाडीपर्यंत जाऊन माणसं आणायची तर अंधार होईल. अंगावर काय आहे तुझ्या?"

"हा पातळ शर्ट. जाकीट खिंडीत राहिलं."

"इथून दोरी टाकून उपयोग नाही. बांधायला काही नाही, आणि या पट्टीवर उभं राहून आम्ही तुला ओढलं तर तिघंही तुझ्या ओट्यावर येऊ."

"वर पाईन आहे," मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली. पाईनपर्यंत जायचं तर फरशी चढून, माथा ओलांडून जावं लागतं. दुसरी वाट नाही. वेंडेलला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बूट घासल्याचा आवाज आला, आणि तो लांब गेला.

लूझ पट्टीच्या सुरुवातीला जाऊन बसली. तिथून तिला फरशी दिसत होती आणि माझा आवाज ऐकू येत होता. मला फक्त कातळ दिसत होता.

"काय करतोय?" मी विचारलं.

"फरशीपाशी उभा आहे."

"आणि?"

"उभाच आहे."

"आणि आता?"

"ताई, मी काय करू, तो उभाच आहे!" मग घाईघाईनं, "पिशवी काढली. दोरी गळ्यात घातली. निघाला."

मी श्वास रोखला.

"चार पावलं. पाच. सहा. ताई, तो हात टेकत नाहीये. ताठ उभा राहून चालतोय."

मी झुडपाची फांदी घट्ट धरली.

"थांबला," लूझ म्हणाली.

"कुठं?"

"अर्ध्यावर. तिथं काळा पट्टा आहे कातळावर."

तीच जागा. दोन वर्षांपूर्वी तो घसरला ती. "लूझ, त्याच्याशी बोलू नकोस. एक शब्द नको."

"मी नाही बोलत. तोच बोलतोय."

"काय बोलतोय?"

लूझ जरा घुटमळली. "तुला शिव्या देतोय."

"सगळ्या ऐकू येतायत?"

"सगळ्या. तुला, या पट्टीला, आणि तुला ज्यानं कामावर घेतलं त्याला." ती पुन्हा थांबली. "चालायला लागला, ताई. शिव्या देत देत चाललाय. वर... आणखी वर... दिसेनासा झाला."

मग सावली ओट्यावर चढली आणि दगड गार पडायला लागला. एक कावळा माझ्या समोरून, माझ्या पायांच्या पातळीवरून उडत गेला. घाबरले होते का? होते. पण ती भीती माझी नव्हती, त्याची होती. तो पडला तर मी माझ्या हट्टानं त्याला पाडलं असतं.

"मर्ना!" वरून हाक आली. पाईनपासून. "डोकं सांभाळ. दोरी येतेय."

दोरी सळसळत भेगेतून खाली आली. टोक माझ्या गुडघ्यापर्यंत पोचलं, त्याच्या पुढे नाही. छातीभोवती गुंडाळून गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.

"झाडाला बांधलीयस?"

"नाही, दाताला बांधलीय. चढ."

मी चढले. एक पाय कामाचा, एक नुसता बरोबर आणलेला. खांदा भेगेत घातला. पाठ एका भिंतीला, गुडघा दुसरीला. वीतभर वर. दोरी ताणली. आणखी वीतभर. एक खोबण हाताला लागली. वाजवली. पोकळ! सोडून दिली. दुसरी धरली. ती टिकली. दुखरा पाय एकदा टेकला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. तशीच लटकले. दोरीनं धरलं. वरून वेंडेलचा धापा टाकत मोजल्यासारखा आवाज येत होता, "आता. आता. आता." प्रत्येक 'आता'ला मी थोडी वर. शेवटी पाईनची सालपटं हाताला लागली आणि दोन हातांनी मला बखोटीला धरून ओढून घेतलं.

आम्ही दोघं झाडाखाली पालथे पडलो. त्याचे तळवे दोरीनं लाल झाले होते.

"टाळी कशाला वाजवलीस?" श्वास जागेवर आल्यावर त्यानं विचारलं. "मी खिंडीत होतो. मला टाळी ऐकू आली."

"तिनं खांद्यावर थाप मारली."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचीही तीस वर्षं टेबलामागे गेली आहेत. तो हसायला लागला. इतका हसला की झाडाला धरावं लागलं.

"तळवे दाखवलेस?"

"दोन्हीकडून."

"कोणाला?"

"डोंगराला. चोरलं नाही काही, बघून घे म्हटलं."

गळ्यातला रुमाल काढून त्यानं माझा घोटा आवळून बांधला. मग आम्ही निघालो. तो माझ्यापुढे उलटा चालत होता, माझ्या कमरेचा पट्टा हातात धरून, नजर माझ्या पायांवर. "डावा इथं. खाली बघू नको. माझ्याकडे बघ. आता उजवा, वजन देऊ नको." दहा-बारा पावलांत डाव्या हाताला दगडांची छोटी रास आली. येणारा प्रत्येक जण एक दगड ठेवून जातो ती रास. तिच्यापुढे चढण नव्हती. चहूबाजूंना नुसतं आभाळ, खाली सगळं वाळवंट उन्हात पसरलेलं, आणि दूर आमचं शहर. मी वेंडेलकडे बघितलं. त्याची बुटं राशीला लागून गेली, एक दगड घरंगळला, आणि त्यानं मान वर केली नाही. "डावा इथं," तो म्हणाला.

बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण समोर फरशी उतरायची होती, माझा जीव त्याच्या हातात होता, आणि त्याचं लक्ष माझ्या घोट्यावर होतं तेच बरं होतं. मी आयुष्यात क्वचित गप्प बसते. तेव्हा बसले.

फरशी मी बसून उतरले, दोरीला बांधलेली, वरून वेंडेल सोडत. मग तो आला. ताठ चालत, खिशात हात घालायचाच काय तो बाकी. खिंडीत लूझनं आम्हा दोघांना एकदम मिठी मारली, रडली, हसली, आणि उरलेल्या लुंपिया आमच्या तोंडात कोंबल्या. तिन्हीसांजेला, एका बाजूला वेंडेलच्या आणि दुसऱ्या बाजूला लूझच्या खांद्यावर हात टाकून, मी लंगडत गाडीपाशी पोचले. टाक्यात या वेळी आम्ही तिघंही सरळ गुडघाभर पाण्यातून आलो. घोट्याला त्या गार पाण्यानं फार बरं वाटलं.

लूझ गाडी चालवत होती. मी मागे पाय लांब करून, वेंडेल पुढे. तो खिडकीतून काळ्या होत जाणाऱ्या कड्यांकडे बघत होता.

"नॅडीनला आज फोन करायला हवा," तो म्हणाला. "नाही जमलं म्हणून सांगतो."

"काय नाही जमलं?"

"माथा."

"वेंडेल, तू माथ्यावर गेला होतास."

"केव्हा?"

"दोनदा. एकदा जाताना, एकदा मला घेऊन येताना. दगडांच्या राशीला लाथ मारलीस."

तो सावकाश म्हणाला, "हो की. गेलो असणार. त्याशिवाय पाईनकडे उतरणार कसा?"

"मग झालं तर!" लूझनं स्टिअरिंगवर हात आपटला. "ताई, दादा जिंकला. पाय लागला तर राहणार, असं म्हणाला होता ना?"

"हे धरायचं नाही," वेंडेल म्हणाला. "मी वर काही बघितलंच नाही. वारा होता का, ऊन होतं का, तेही माहीत नाही. मर्नाची बुटं बघितली फक्त. डाव्या बुटाचा तळ सुटत आलाय."

"तू पाय लागला तर म्हणालास. बघितलं तर, असं म्हणाला नव्हतास," मी भांडायला उठले, घोटा आपटला, कळवळले. गाडी चढ चढून वर आली, समोर शहराचे दिवे दिसले, आणि त्याच्या खिशातल्या फोनला रेंज आली. त्यानं फोन लावला. पलीकडून नॅडीनचा आवाज आम्हालाही अस्पष्ट ऐकू येत होता. ती बराच वेळ बोलली. जेवलास का, थंडी आहे का, खोलीला नवे पडदे लावलेत.

"नॅडीन, पडदे छानच असतील," वेंडेल म्हणाला. "पण मी येत नाही. तसा नाताळला येईन चार दिवस." पलीकडे काहीतरी विचारलं गेलं. त्यानं मागे वळून माझ्या सुजलेल्या घोट्याकडे बघितलं, बरा व्हायला किती दिवस लागतील याचा अंदाज घेत असावा. "हो, गेलो होतो ना माथ्यावर. दोनदा गेलो म्हणे. काहीच बघितलं नाही, अगं. म्हणून तर राहतोय."